चोवीस हजारांचं काय करायचं?

सप्टेंबरात मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करून घेणारं घर दिवाळीच्या आठवड्यात चार हजारांचा मिक्सर दुकानदार सांगेल त्या किमतीला उचलतं. माणसं तीच, बँकेतलं खातं तेच, दुकानही ओळखीचं. मधल्या काळात एकच गोष्ट घडलेली असते, ती म्हणजे बोनस झालेला असतो.

पगारातले चार हजार आणि बोनसमधले चार हजार, दोन्हींना बाजारात येणारी वस्तू एकच. तरी पहिले खर्चताना हात आखडतो आणि दुसरे खर्चताना आखडत नाही. बोनसच्या जागी एलआयसीची मुदत संपून आलेली रक्कम धरा, पगाराचा थकलेला फरक धरा, उसाच्या बिलाचा राहिलेला हप्ता किंवा प्राप्तिकराचा परतावा धरा. वागणं फारसं बदलत नाही. आणि दोन महिन्यांनी "एवढे पैसे आले होते, गेले कुठे?" हा प्रश्नही घरोघरी सारखाच.

पैसे जातात कुठे आणि का, हे समजलं की गरजा दहा आणि पैसे तीन-चार गरजांपुरतेच असताना निवड कशी करायची, हेही बरंचसं उलगडतं.

हिशेबाला एक घर

उदाहरणासाठी नाशिकच्या सिडकोतलं एक घर धरू. नवरा अंबडच्या कारखान्यात, पगार हातात येतो १९ हजार. यंदा युनियनच्या करारात बोनस ठरला २४ हजार. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, वर गच्ची. घरात बायको, नववीतली मुलगी आणि सासूबाई.

बोनसची तारीख फळ्यावर लागायच्या आधीच घरात यादी तयार असते. स्वयंपाकघराच्या छताला पावसाळ्यात ओल आली होती. सासूबाईंची दाढ थंड पाण्याने ठणकते. फ्रिज जुना झाला आहे, त्याचं दार नीट बसत नाही. मोटारसायकलचं मागचं टायर गुळगुळीत झालं आहे. क्रेडिट कार्डावर १२ हजार थकले आहेत. मुलीला टेबल-खुर्ची हवी, पाहुण्यांसाठी सोफा हवा, आणि दिवाळी म्हटल्यावर फराळ-कपडे आलेच. सगळ्याची बेरीज लाखाच्या घरात जाते. हातात आहेत २४ हजार.

अशा याद्यांत एक गोष्ट हमखास गळते. यादी सांगणारी बहुधा घरातली बाई असते आणि तिचा स्वतःचा चष्मा, तिची कंबरदुखी त्यात नसते. त्यामुळे यादी घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यासाठी करावी, म्हणजे ती जास्त खरी निघते.

पगार वेगळा, बोनस वेगळा

अमेरिकन अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या वागण्याचा बराच पाठपुरावा केला. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणूस पैसे एका ढिगात ठेवत नाही, मनातल्या मनात त्यांची वेगवेगळी खाती पाडतो आणि प्रत्येक खात्याला वेगळा नियम लावतो. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला नोबेलविजेता लागत नाही. दूधवाल्याचे पैसे एका डब्यात, लाइट बिलाचे दुसऱ्यात आणि डाळीच्या डब्याच्या तळाशी कुणाला न सांगितलेले. दूधवाल्याच्या डब्यातून भाजी आणायची नाही, हा नियम. मनातले डबेही असेच असतात, फक्त ते दिसत नाहीत.

डबे पाडणं मुळात शहाणपणाचं आहे. तंगीच्या घरात लाइट बिलाला हात लागत नाही तो याच शिस्तीमुळे. पंचाईत होते ती एका डब्यात चणचण आणि दुसऱ्यात चंगळ असते तेव्हा. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्के व्याज चालू आहे, आणि त्याच घरात 'बोनसचे पैसे' नावाच्या डब्यातून सोफ्याची आगाऊ रक्कम दिली जाते. हिशेबाच्या वहीत एका रकान्यात बुडणं आणि दुसऱ्यात उधळणं एकाच दिवशी चालू असतं, आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

डब्यावरच्या चिठ्ठीनेही वागणं बदलतं. निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना ५० डॉलर दिले. काहींना सांगितलं की हा तुमचा बोनस आहे, काहींना सांगितलं की तुमच्याच फीमधला परतावा आहे. रक्कम एकच होती. बोनस समजलेल्यांनी ती जास्त खर्च केली, आपलेच पैसे परत आले असं समजलेल्यांनी जास्त राखली.

आपल्याकडच्या बोनसचा इतिहास इथे उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगाराच्या दहा टक्के 'युद्ध बोनस' दिला. पुढे तो दरवर्षी मिळू लागला आणि कामगारांच्या घरखर्चात धरला जाऊ लागला. मालकांनी तो बंद केल्यावर १९२४ च्या सुरुवातीला मुंबईत मोठा संप झाला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येत नाही. हक्क मिळायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. त्याने वर्षाच्या पगाराच्या किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस ठरवला, पुढच्या दुरुस्तीने किमान प्रमाण ८.३३ टक्के झालं, कंपनी तोट्यात असली तरी किमान रक्कम देणं आलंच. आता हीच चौकट २०१९ च्या वेतन संहितेत सामावली आहे. ८.३३ टक्के म्हणजे बरोबर बारावा हिस्सा, एक पगार. हिशेबाला धरायच्या पगारावर मर्यादा असल्यामुळे पूर्ण पगाराइतका हातात येतोच असं नाही, ते वेगळं. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा असतो. मार्चअखेरनंतरचे आठ महिने नोव्हेंबरला संपतात आणि दिवाळी त्याच्या आतच येते.

म्हणजे कायद्याच्या नजरेत ही मालकाची ओवाळणी नाही, वर्षभर राबल्याचा मोबदला आहे. तरी घरात तो 'अवांतर' म्हणून शिरतो आणि अवांतर म्हणूनच जातो.

थोडी रक्कमच जास्त उडते

मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार शहाणा माणूस अचानक आलेली रक्कम पुढच्या अनेक वर्षांवर पसरून वापरेल. कागदावर हे पटतं. मायकेल लँड्सबर्गर यांनी १९६६ साली याची प्रत्यक्षातली आकडेवारी तपासली. दुसऱ्या महायुद्धातल्या छळाबद्दल जर्मनीने दिलेली नुकसानभरपाई इस्रायलमधल्या कुटुंबांना मिळाली होती, काहींना थोडी, काहींना भरपूर. ज्यांना वर्षाच्या उत्पन्नाच्या ६६ टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळाली, त्यांनी तिचा चौथा हिस्साही खर्च केला नाही. ज्यांना वर्षाच्या उत्पन्नाच्या सात टक्क्यांच्या आसपासच मिळाली, त्यांनी मात्र मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त खर्च केला.

मिळालेल्यापेक्षा दुप्पट खर्च होतो कसा, हे समजायला दसरा-दिवाळीच्या दिवसांत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात अर्धा तास उभं राहावं.

"ताई, अठरा हजारांचा फ्रिज आहे. महिना फक्त तीन हजार, व्याज शून्य. बोनस तर झालाच असेल ना?"

"अहो, पण बोनस मशिनसाठी ठेवलाय ना आपण?"

"मग मशिन रोखीने घ्या आणि फ्रिज हप्त्यावर. दोन्ही आजच घरी पोचवतो!"

एक रक्कम आली आणि दोन खरेद्या झाल्या. दुसऱ्या खरेदीचे हप्ते आता पगाराच्या डब्यातून जाणार. आपल्या घराचा २४ हजारांचा बोनस वर्षाच्या पगाराच्या दहा टक्क्यांच्या जवळपास आहे, म्हणजे लँड्सबर्गर यांच्या थोडी रक्कम मिळालेल्या गटाशेजारीच हे घर बसतं. लाखो रुपये आले तर माणूस चार जणांना विचारतो, बँकेत जातो, रात्रभर विचार करतो. वीस-पंचवीस हजारांसाठी कुणी एवढं करत नाही.

शून्य टक्के व्याजाचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना अशा शून्य टक्क्यांच्या योजनांवरून फटकारलं होतं, कारण व्याज खरोखर शून्य नसतंच. आता साधारण असं होतं की बँक व्याज लावते, तेवढीच सूट दुकान किंवा कंपनी किमतीत देते आणि आकडे जुळतात. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी गिऱ्हाइकाकडे राहतो, वर प्रक्रिया शुल्क येतं. अठरा हजारांच्या सहा हप्त्यांवर हा भुर्दंड तीन-चारशे रुपयांच्या आसपास. खरं सांगायचं तर ही काही लूट नाही. घराला जड जातं ते दुसरंच: एकोणीस हजारांच्या पगारातून सहा महिने दर महिन्याला तीन हजार बाजूला निघतात, आणि त्या सहा महिन्यांत कुणी आजारी पडलं की कार्ड पुन्हा बाहेर येतं.

यादीला विचारायचा प्रश्न

आपण यादीसमोर बसून विचारतो, "यातलं सगळ्यात गरजेचं काय?" या प्रश्नाला ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर मिळतं. त्यापेक्षा प्रत्येक गोष्टीपुढे "हे एक वर्ष थांबलं तर काय होईल?" असं लिहून पाहावं. यादी बघता बघता वेगळी होते.

काही गरजा थांबल्या की महाग होतात. ओल, दाढ, कर्ज यांतल्या. काही थांबल्या की दर महिन्याला थोडे पैसे गळत राहतात. आणि काही जशाच्या तशा थांबतात. सोफा पुढच्या वर्षी घेतला तर भाव थोडा वाढलेला असेल, पण बसायला सतरंजी तोवर आहेच. अडचण एवढीच की डोळ्यांना सगळ्यात आधी सोफा दिसतो.

ओल: जिची दुरुस्ती दिवाळीत आठवत नाही

काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्या गंजत नाहीत, कारण चांगल्या काँक्रीटचा गुण अल्कधर्मी असतो, म्हणजे चुन्यासारखा. त्यामुळे सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. गच्चीला तडा गेला की त्यातून पाणी आणि हवा आत जाते. वर्षागणिक तो गुण ओसरतो आणि सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. आतून फुगणारी सळी खालचं काँक्रीट ढकलते, छताला सळीच्या रेषेत भेग पडते, पोपडे सुटतात. मग पाण्याला आणखी मोठी वाट मिळते आणि गंज आणखी वेगाने चढतो. पहिल्या वर्षी गवंड्याचे एक-दोन दिवस आणि थोडं साहित्य यांत भागणारं काम काही वर्षांत छताची खपली काढून सळ्या घासण्यापर्यंत जातं, आणि तेव्हाचा आकडा आजच्या कितीतरी पट असतो.

यात एक विचित्र योग आहे. ओल जुलैत दिसते, तेव्हा हातात पैसे नसतात आणि ओल्या गच्चीवर काम टिकतही नाही. पैसे येतात दिवाळीत, तेव्हा गच्ची कोरडी खडखडीत, कामाला सगळ्यात योग्य. पण तोवर छतावरचा डागही वाळलेला असतो आणि यादीत तो शेवटी जातो. ज्यांच्या घरात ओल येते त्यांनी जुलैतच मोबाइलवर डागाचा फोटो काढून ठेवावा. दिवाळीत यादी करताना तो उघडला की वाद आपोआप मिटतो.

कामाला हात घालण्याआधी गच्चीवर चढून पाहायला काही खर्च येत नाही. पाण्याच्या तोटीत पाला अडकला आहे का? पाणी कुठे साचून हिरवट थर आला आहे का? गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात फट आहे का? पुष्कळदा गळती याच तीन ठिकाणी असते आणि सगळा कोबा नव्याने करायची गरज नसते. हे स्वतःच्या घराचं झालं. सहकारी गृहनिर्माण सोसायटीतल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र बोनस काढण्याआधी सेक्रेटरींना पत्र द्यावं. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळणाऱ्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते.

कार्ड: पैसे फेडणं हीच कमाई

थकलेले १२ हजार. दर महिना साडेतीन टक्के, हा क्रेडिट कार्डांवर नेहमी दिसणारा दर. व्याज होतं ४२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७६ रुपये, एकूण ४९६. बिलावर 'किमान देय रक्कम' समजा ६०० आली आणि ती नेमाने भरली, तरी त्यातले ४९६ व्याज-करात जातात आणि मूळ रकमेतून कमी होतात फक्त १०४. शिवाय बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही. किराण्याचं बिल कार्डावर टाकलं की त्याचंही व्याज त्याच दिवसापासून सुरू.

आता हेच १२ हजार सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ८४० मिळतील, महिन्याला सत्तर. कार्ड फेडलं तर महिन्याला ४९६ वाचतात, सातपट. एवढा खात्रीचा परतावा देणारी दुसरी योजना बाजारात मिळणार नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहावं.

हेच गणित घरातल्या इतर कर्जांना लावायचं. बचत गटातून घेतलेलं कर्जही अनेक ठिकाणी महिना दोन टक्क्यांचं असतं, पण ते व्याज गटाकडे, म्हणजे थोडंफार आपल्याकडेच परत येतं. त्यामुळे आधी कार्ड, मग सोनं गहाण असेल तर ते, आणि गटाचं कर्ज ठरल्या हप्त्याने.

दाढेचंही साधारण ओलीसारखंच आहे. कीड वरच्या कठीण थरात आहे तोवर एका बैठकीत भरून होते, ती आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनॉल, वर टोपी, चार-पाच फेऱ्या आणि कित्येक पट खर्च. थंड पाण्याने ठणकणारी दाढ नस अजून जिवंत असल्याचं सांगत असते, त्यामुळे दिवाळीची वाट न पाहता जावं. टायरचं तर गणितच करू नये. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांना रबर टेकलं की टायर संपला.

फ्रिज खरंच मेला आहे का?

जुना फ्रिज आवाज करतो, बर्फ साठवतो, लाइट बिल जास्त येतं, म्हणून नवा घ्यायचा असं ठरतं. दहा रुपयांची नोट घ्या. अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. नोट सहज सुटून आली तर दाराचं रबर सैल झालं आहे. दाराच्या चारही बाजूंना हे करून पाहावं. सैल रबरातून बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातलं बाष्प कॉइलवर गोठतं, बर्फाचा थर चढतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बिल वाढतं. तक्रारी तीन, कारण एक. रबर बदलायला काही शे रुपये लागतात.

नोट घट्ट धरली गेली आणि तरीही फ्रिज अखंड चालत असेल तर मीटरला विचारा. रात्री घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. एका रात्रीत किती युनिट गेले ते कळतं, त्यावरून वर्षाचा अंदाज काढा. दुकानातल्या नव्या फ्रिजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, म्हणजे ताऱ्यांची चिठ्ठी असते, तिच्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की नवा फ्रिज किती वर्षांत वसूल होईल ते आपोआप दिसतं.

चौकट: पंख्याचं गणित

साधा छताचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे ज्याच्या मोटरमध्ये कायमचं लोहचुंबक असतं आणि वेग इलेक्ट्रॉनिक सर्किटने सांभाळला जातो, तो साधारण ३० वॅट घेतो. वाचतात ४५ वॅट.
रोज १२ तास चालला तर ०.५४ युनिट वाचतात. वर्षातले नऊ महिने धरले तर सुमारे १४६ युनिट.
महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटच्या पुढचं युनिट पहिल्या टप्प्यातल्यापेक्षा दुपटीच्या आसपास महाग असतं. वाचलेले युनिट बिलाच्या वरच्या टोकातून कमी होतात, म्हणजे महागड्या टप्प्यातले. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,४६० रुपये.
पंखा २,८०० रुपयांना पडला तर दोन वर्षांच्या आत वसूल.
पण महिन्याचं बिल १०० युनिटच्या आतच राहत असेल तर तेवढ्याच युनिटांचे पैसे निम्म्याने वाचतील आणि वसुलीला जवळपास चार वर्षं लागतील. आणि पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसातून तासभर चालणारा पंखा बदलण्यात अर्थ नाही. घरात सगळ्यात जास्त चालतो तोच बदलावा.

२४ हजार वाटताना

दिवाळीला तीन हजार आधीच बाजूला काढून ठेवावेत, असं माझं मत. फराळाच्या खर्चालाही कात्री लावणारे सल्ले वाचायला बरे वाटतात, पण घरात टिकत नाहीत. चार दिवस दम धरून पाचव्या दिवशी दुप्पट खर्च होतो. आकडा ठरलेला असला की पोरांच्या कपड्यांवरून कुरबूर होत नाही.

मग कार्डाचे १२ हजार. गच्चीची फट आणि तोटी, समजा साडेचार हजार. दाढ दीड हजार, टायर दोन हजार, फ्रिजचं रबर पाचशे. इथवर साडेतेवीस हजार झाले. राहिले पाचशे. तेवढ्यात बँकेतून वर्षाचा विमा बसतो: जीवन ज्योती योजनेचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये, सुरक्षा योजनेचा २० रुपये, आणि दोन्हींत संरक्षण दोन-दोन लाखांचं, पहिल्यात मृत्यूसाठी, दुसऱ्यात अपघातासाठी. कमावणारा एकच असलेल्या घरात हे पाचशे वाया गेले असं म्हणता येणार नाही.

पंखा यात बसला नाही, टेबल-खुर्चीही नाही. पण कार्ड फिटल्यामुळे पुढच्या महिन्यापासून ४९६ रुपये व्याजाचे सुटले. ते पगारात विरघळू न देता त्याच तारखेला आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत टाकले, तर सहा महिन्यांत २,९७६ जमतात. एप्रिलच्या उन्हात पंखा आला. पुढचे काही महिने मुलीचं टेबल, आणि त्यानंतर फ्रिजसाठी. इथे शिस्त फक्त एका जागी लागते: कार्डाचं बिल ज्या तारखेला भरत होतो, त्याच तारखेला खात्यातून आरडीला पैसे आपोआप जाण्याची सूचना बँकेला देऊन ठेवायची.

क्रम कधी उलटतो

कंत्राटी कामगाराला हे वाटप जसंच्या तसं लागू करू नये. ज्याचं कंत्राट मार्चला संपणार आहे, त्याच्यासाठी घरात निदान महिन्याभराचा खर्च रोख असणं कार्ड पूर्ण फेडण्याइतकंच मोलाचं आहे. नाहीतर एप्रिलमध्ये तेच कार्ड पुन्हा घासलं जाईल, किंवा खासगी सावकाराचं दार ठोठावावं लागेल. त्याने अर्धं कार्ड फेडावं आणि अर्धी रक्कम हाताशी ठेवावी. गहाण सोन्याच्या लिलावाची नोटीस आली असेल तर ती सगळ्यांच्या आधी.

अनेक वर्षांचा थकलेला फरक एकदम मिळाला, तर कराचंही पाहावं लागतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग २०१९ च्या जानेवारीत लागू झाला आणि फरक २०१६ पासूनचा होता. अशी जुन्या वर्षांची रक्कम एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरली गेली तर कर वाढतो. त्यात सवलत मागण्याची सोय प्राप्तिकर कायद्यात आहे, पण त्यासाठी विवरणपत्राआधी वेगळा फॉर्म भरावा लागतो. खर्चाची यादी त्यानंतर.

भिशी लागली तर ती मुळात अशी रक्कमच नव्हे. बारा जणांची, महिना दोन हजारांची भिशी पहिल्या महिन्यात उचलणाऱ्याला २४ हजार मिळतात खरे, पण ते पुढच्या अकरा महिन्यांत फेडायचं बिनव्याजी कर्ज असतं. शेवटच्या महिन्यात उचलणाऱ्याला मिळते ती स्वतःचीच बिनव्याजी बचत. लिलावाची भिशी असेल तर आधी उचलणारा जी रक्कम सोडतो ते त्याचं व्याज. त्यामुळे पहिल्या नंबराची भिशी लागलेल्याने कार्ड फेडावं, ते बिनशर्त फायद्याचं आहे. सोफा घेऊ नये. शेवटच्या नंबरवाल्याने हवं ते करावं.

आणि पैसे जुलैत आले, समजा मुदत संपलेल्या पॉलिसीचे, तर गच्चीचे साडेचार हजार लगेच देता येत नाहीत. ते चालू खर्चाच्या खात्यात ठेवले तर गणपतीपर्यंत उरत नाहीत. बँकेत तीन-चार महिन्यांची छोटी मुदत ठेव करून तिची पावती गच्चीच्या किल्लीला अडकवावी. गवंडी ऑक्टोबरात सांगितला तर दसऱ्यानंतर येतो. दिवाळीच्या तोंडावर सांगितला तर तोही गावी गेलेला असतो.